दर पावसाळ्यात डाव्या सीटसमोर पाणी: तीन वर्षांनी सापडलेली गळती

जुलै २०२२. कुंभार्ली घाट चढायच्या आधी, चिपळूणच्या अलीकडे चहाला थांबलो. बाबा पुढच्या सीटवरून उतरले आणि गाडीला टेकून, एका पायावर उभे राहून डाव्या पायातला मोजा पिळायला लागले. "अरे, पाऊस बाहेर पडतोय ना? मग माझा पाय कसा भिजला?" काचा बंद, दारं बंद. मी खाली वाकून मॅट उचलली, खालचं मॅटिंग दाबलं, तर बोटांमधून पाणी वर आलं. देवरुखहून परत येताना सासूबाईंनी दिलेली फणसपोळीची पिशवी तिथेच पायाशी ठेवली होती, तिचाही लगदा झाला.

गाडी २०१७ची, साधी पेट्रोल हॅचबॅक. कंपनी सांगत नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. बऱ्याचशा छोट्या गाड्यांची पुढच्या डाव्या बाजूची रचना सारखीच असते आणि पाणी आत यायच्या वाटाही त्याच असतात. २०२२, २०२३ आणि २०२४, तीन पावसाळे हे चाललं. तीनदा "झालं काम" असं वाटलं. त्यातल्या दोनदा गाडी दुरुस्त झालीच नव्हती, पाऊस संपला होता इतकंच. ऑक्टोबरात कुठलीही गळती बरी होते.

तुमच्याही गाडीत डाव्या बाजूला ओल येत असेल, तर आम्ही केलेला घोळ टाळण्यासाठी हे लिहितोय.

आधी पाणी कसलं आहे ते बघा

गाडी थेट गॅरेजला नेऊ नका. एक पांढरा फडका किंवा टिश्यू त्या ओलीवर दाबून धरा. पाणी स्वच्छ असेल, चिकट नसेल, तर ते एकतर एसीचं आहे किंवा पावसाचं. फडक्याला हिरवट, गुलाबी किंवा निळसर रंग लागला, बोटांना बुळबुळीत वाटलं, गोडसर वास आला, तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. मग डॅशबोर्डमागचा हीटर कोअर (आतली हवा गरम करणारा भाग) किंवा त्याचे पाइप गळतायत. अशा वेळी पुढची काच आतून तेलकट धुरकट होते आणि बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतली पातळी हळूहळू उतरते. हे घरी करायचं काम नाही. कूलंट विषारी असतं, चव घेऊन बघायचं नाही आणि घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर ती मॅट अंगणात टाकून ठेवायची नाही. पातळी उतरलेली असताना घाट चढायला जाऊ नका, इंजिन तापेल.

आमचं पाणी स्वच्छ होतं. म्हणजे एसी किंवा पाऊस. या दोघांतला फरक ओळखण्यातच आमची दोन वर्षं गेली.

पहिलं वर्ष: एसीचा पाइप

गॅरेजवाल्या दादांनी बघताक्षणी सांगितलं, "साहेब, एसीचा ड्रेन चोकअप आहे." अंदाज चुकीचा नव्हता. डाव्या पायाशी ओल आली की पहिला संशय त्याच्यावरच घ्यायचा. एसीची कूलिंग कॉइल थंडगार असते. दमट हवा तिच्यावरून गेली की थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून जसा घाम येतो तसं पाणी सुटतं. ते खालच्या ट्रेमध्ये जमतं आणि एका छोट्या पाइपने गाडीखाली ठिबकतं. गाडीखाली पाणी दिसलं म्हणून घाबरून फोन करणारे लोक मला माहीत आहेत. पावसाळ्यात किंवा कोकणात एसी लावून तासभर गाडी चालवली आणि खाली थेंबही पडला नाही, तर मात्र काळजी करायची. त्या पाइपात धूळ, बुरशी, कधी कुंभारीण माशीचं मातीचं घर बसतं. ट्रे भरतो आणि पाणी मॅटिंगवर सांडतं. ट्रे भरलेला असताना उजवीकडे वळलं की डॅशबोर्डच्या मागून खळखळ ऐकू येते आणि डावीकडे बसलेल्याच्या पायावर धार पडते.

तपासायची रीत सोपी आहे. कोरड्या दिवशी, कोरड्या फरशीवर गाडी उभी करून अर्धा-पाऊण तास एसी चालू ठेवायचा. इंजिन चालू असेल म्हणून हे उघड्यावरच करा, बंद पार्किंगमध्ये नको. गाडीखाली डबकं झालं तर पाइप मोकळा आहे. साफ करताना पाइपाच्या बाहेरच्या तोंडातून मऊ, लवचिक वायर थोडीशीच घालायची. कडक तार आत खुपसली तर ती जाऊन कॉइलला लागते, आणि कॉइल फुटली तर त्या खर्चापुढे ओलं मॅटिंग परवडलं. जोराची हवाही मारू नका, आतला जोड निसटतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर त्या तोंडाला फडक्याने घट्ट धरून ओढून काढणं सगळ्यात सुरक्षित, फक्त तो ओलं ओढणारा पाहिजे.

दादांनी पाइप साफ केला, काळा गाळ निघाला, मी खूश. सप्टेंबर जेमतेम होता, मग ऑक्टोबर आला.

दुसरं वर्ष: काचेवरचं सिलिकॉन

जून २०२३मध्ये पहिल्या दोन जोरदार सरींनंतर पुन्हा तीच ओल, आणि त्यात कुबट वासाची भर. या वेळी कुणीतरी काचेवर बोट ठेवलं. कडेने बाहेरून सिलिकॉन फिरवून दिलं. एक सांगतो: काच खरंच गळत असेल, म्हणजे कधी बदललेली असेल आणि चिकटवताना कुठे जागा राहिली असेल, तर बाजूच्या खांबाचं प्लास्टिक आतून ओलं लागतं आणि डॅशबोर्डच्या कोपऱ्यावर ओघळ दिसतात. तेव्हा काच काढून नीट बसवून घ्यावी लागते. बाहेरून सिलिकॉन चोपडलं तर पाणी आत जायची जागा तेवढी बदलते, आणि पुढच्या माणसाला खरी जागा शोधणं अवघड होऊन बसतं. आमची काच मूळचीच होती, कोपरे कोरडे होते. तरी मी होकार दिला, कारण दुपारचे दोन वाजले होते आणि मला ऑफिस गाठायचं होतं.

त्या वर्षी बाबांनी मागच्या सीटवर बसायला सुरुवात केली. कारण विचारलं तर म्हणाले, "मागे ऐसपैस बसता येतं." हॅचबॅकमध्ये!

तिसरं वर्ष: गाडी उभी असताना आलेलं पाणी

२५ जुलै २०२४. पुण्यात त्या दिवशी जो पाऊस झाला तो सिंहगड रोडवरच्या लोकांना सांगायला नको. आम्ही चिंचवडला. पाणी सोसायटीत शिरलं नाही, पण दोन दिवस गाडी जागची हलली नाही. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर डाव्या बाजूला पाणी अक्षरशः साचलेलं, मॅट तरंगत होती. आणि तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला: दोन दिवस एसी लागलेलाच नाही, मग हे पाणी एसीचं कसं असेल?

हा प्रश्न पहिल्याच वर्षी विचारायला हवा होता. ओल सापडली की एवढं लिहून ठेवा: त्या दिवशी एसी लावला होता का, पाऊस होता का, गाडी उभी होती की चालती, आणि रस्त्यावरच्या साचलेल्या पाण्यातून गेली होती का. चार-पाच वेळच्या नोंदी झाल्या की अर्धं निदान वहीतच होतं. फक्त डबक्यांतून गेल्यावर ओल येत असेल तर पाणी खालून येतंय. गाडीच्या तळपत्र्याला रबरी बुचं असतात, एखादं निसटलेलं असतं. गाडी उभी असताना पावसात ओल येत असेल तर वरून शोधायचं.

मग नळीने शोधायला बसलो. दोन माणसं लागतात. एक आत टॉर्च घेऊन, एक बाहेर बागेची साधी नळी घेऊन. वॉशिंग सेंटरचं प्रेशर नको, ते दाराच्या चांगल्या रबरी बीडिंगमधूनही पाणी आत घालतं. आत मॅटिंग शक्य तितकं सुकवून त्यावर वर्तमानपत्राचे कागद अंथरायचे. पाणी खालून वर सोडत जायचं: आधी दाराचा खालचा काठ, मग दार, मग काचेचा पायथा, सगळ्यात शेवटी टप. प्रत्येक ठिकाणी किमान पाच मिनिटं. सुरुवातच टपापासून केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि आत आलं तरी कुठून आलं ते कळत नाही.

पहिल्या रविवारी मी गेटजवळच्या सपाट जागेत गाडी उभी करून हे सगळं केलं. तासभर. आत कागद कोरडे ठणठणीत. बायको आतून म्हणाली, "बाहेर येऊ का आता, की अजून अभिषेक बाकी आहे?"

ती बाहेर आली, मी गाडी आमच्या जागेवर परत लावली आणि उरलेलं पाणी सहज काचेखाली सोडलं. दोन मिनिटांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागून टप, टप, टप. आमची जागा पावसाच्या गटाराकडे थोडी उतरती आहे, गाडी डावीकडे कलते. कलली की गळायची, सपाटीवर नाही. त्यामुळे गाडी रोज जिथे आणि जशी उभी असते, तपासणी तिथेच करा.

वायपरखालची जाळी

पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपर जिथून निघतात तिथे काळी प्लास्टिकची जाळी असते. तिच्याखाली गाडीच्या रुंदीएवढी पत्र्याची पन्हळ आहे. काचेवरचं सगळं पाणी तिच्यात उतरतं आणि दोन्ही टोकांच्या वाटांनी पुढच्या चाकांच्या मागे खाली जातं. गाडीत येणारी बाहेरची हवाही याच पन्हळीतून घेतात, त्यासाठी आमच्या गाडीत डाव्या बाजूला उंच काठाचं एक तोंड आहे. ते थेट ब्लोअरकडे, म्हणजे आत हवा ढकलणाऱ्या पंख्याकडे जातं आणि ब्लोअर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. डावीकडचा निचरा तुंबला की पन्हळ भरते आणि त्या काठावरून पाणी ब्लोअरमधून पायाशी येतं. आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर काढून बघा, तो भिजलेला किंवा सुकून कडक आणि पिवळट झालेला असेल तर बहुतेक हीच वाट.

जाळी काढायला अर्धा तास लागला. वायपर काढण्याआधी काचेवर त्यांच्या पात्यांच्या रेषेत चिकटपट्टी लावून ठेवा, नाहीतर परत बसवताना अंदाज चुकतो आणि वायपर एकमेकांत अडकतात. आर्म जुन्या गाडीत गंजून बसलेला असतो. नट सोडवून हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवत राहायचं, हातोडा नाही. जाळीच्या क्लिपा जुन्या झाल्या की मोडतातच, चार-पाच आधीच आणून ठेवा.

जाळी उचलली आणि आत बघितलं तर डाव्या कोपऱ्यात चहाच्या चोथ्यासारखा काळा, ओला, दाट थर. हातात घेतला तर मऊ, भुसभुशीत, चक्क खत झालेलं. त्यातून एक हिरवा कोंब वर आलेला. वरच्या थरात मात्र पानं ओळखू येत होती: गुलमोहर. आमच्या जागेवर गुलमोहराचं झाड आहे. मोठं पान जाळीवर अडतं, हाताने उचलून टाकता येतं. गुलमोहराची पानं म्हणजे तांदळाएवढी पर्णिकाच, ती जाळीतून सरळ आत जातात. उन्हाळ्यात झाड झडतं, आत सुका थर बसतो, मेमध्ये वर फुलांच्या पाकळ्या, आणि जूनच्या पहिल्या पावसात त्या सगळ्याचं बूच तयार. दर पावसाळ्यात पाणी का यायचं ते एका मुठीत कळलं.

हा गाळ हाताने उचलून काढा. नळीने आत ढकलून दिला तर तो निचऱ्याच्या वाटेत आणखी घट्ट बसतो. मग मगभर पाणी ओतायचं आणि ते चाकामागे बाहेर पडतंय का ते बघायचं. आमच्याकडे दोन मग ओतेपर्यंत काहीच नाही. मग बोटाने चाचपून खालचा चिकटलेला रबरी ओठ मोकळा केला आणि काळं पाणी भसकन बाहेर आलं.

आणि तरीही

पंधरा दिवस कोरडे गेले. मग ताम्हिणी घाटात जाऊन आलो आणि कागद पुन्हा ओला. या वेळी थोडासाच, आणि फक्त दाराच्या बाजूची कड. गळती एक नव्हती, दोन होत्या. पहिली मोठी होती, तिच्यामागे दुसरी झाकली गेली होती.

डाव्या दाराची पॉवर विंडो मे २०२२मध्ये दुरुस्त केली होती. दाराच्या आत काचेवरून पाणी उतरणं हे अगदी नेहमीचं, ते खालच्या भोकांतून निघून जातं. ते पाणी गाडीत येऊ नये म्हणून डोअर पॅडच्या, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणाच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. दुरुस्ती करताना, स्पीकर बसवताना तो फाडतात आणि "काही होत नाही" म्हणत तसाच सोडतात. आमचा कागद खालच्या बाजूला फाटलेला, वर सेलोटेपचे चार तुकडे, त्यातले तीन सुटलेले. पॅड काढलेलं असताना बाहेरून काचेवर मगाने पाणी ओतलं तर फाटलेल्या जागेतून बारीक धार उंबऱ्यावर येताना समोर दिसली. मला पाणी बघून इतका आनंद क्वचितच झाला असेल.

जाड प्लास्टिक आणून जुन्या कागदाच्या मापाने कापलं आणि काळ्या ब्यूटाइल टेपने चिकटवलं. ही टेप च्युइंगगमसारखी चिवट असते, पाण्याने सुटत नाही, आणि पुढे कधी काम निघालं तर कागद न फाडता उचलता येतो. कागदाची खालची कड दाराच्या पत्र्याच्या आत खोचायची, म्हणजे ओघळ दारातच पडतात. कड बाहेर राहिली तर सगळी मेहनत वाया. त्याच वेळी दाराच्या खालची भोकं काडीने मोकळी करा. दार उघडताना आतून पाणी डुचमळल्यासारखं ऐकू येत असेल तर ती बंद झाली आहेत असं समजा.

सुकवणं

गळती बंद झाली तरी वास जात नाही, कारण वरचं मॅटिंग दोन दिवसांत सुकतं आणि त्याखालचा जाड फोम किंवा नमद्यासारखा थर पंधरा दिवस ओला राहतो. उन्हात दारं उघडी ठेवून हे होत नाही. दाराच्या उंबऱ्याची पट्टी आणि बाजूचं छोटं प्लास्टिक काढलं की मॅटिंगची कड उचलता येते. तिच्याखाली लाकडाचे ठोकळे घालून उंच धरा आणि टेबल फॅन लावा. आम्हाला दोन रात्री आणि एक दिवस लागला. त्याआधी जुने टॉवेल दाबून दाबून जेवढं निघेल तेवढं पाणी काढून घेतलं, जवळजवळ पाव बादली. डांबरगोळ्या, परफ्यूम, कापूर यांनी वासावर वास चढतो, एवढंच.

मॅटिंगखाली वायरिंग जातं. सेंट्रल लॉक स्वतःहून उघड-मीट करायला लागलं, एअरबॅगचा दिवा लागला, तर जोडांवर गंज चढायला लागलाय. तिथे पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नका. तपासून घ्यायला इलेक्ट्रिशियनकडे न्या.

ओल दुसरीकडे असेल तर थोडक्यात: स्टेपनीच्या खळग्यात पाणी म्हणजे मागच्या दिव्याचं किंवा डिकीचं रबर. आतल्या दिव्याजवळ छताच्या कापडावर डाग म्हणजे टपावरच्या अँटेनाच्या बुडाचं रबर. आणि गाडी सीटपर्यंत पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल तर यातलं काहीच करू नका, चावीही फिरवू नका. फोटो काढून विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलूनच न्या.

आता मेच्या शेवटच्या आठवड्यात जाळी उघडून मूठभर पानं काढतो आणि ऑगस्टमध्ये बाहेरून मगभर पाणी ओतून निचरा बघतो. डाव्या मॅटखाली वर्तमानपत्राचा एक कागद कायम असतो. बाबा पुन्हा पुढे बसतात, पण बसण्याआधी वाकून तो कागद चाचपतात. जागा बदलून मिळेल का म्हणून सोसायटीत विचारलं होतं. एप्रिल-मेमध्ये चौघं तयार झाले, कारण तेवढी एकच जागा सावलीत आहे. गाडीत पाणी का येतं ते सांगितल्यावर चौघंही मागे फिरले.